अकरा वाजताचा सूर्यास्त

शहाद्याच्या बाजारपेठेत मांगीलाल शेठजींचं साड्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, बोळच तो. तोंड आठ फुटांचं, आणि आत शिरावं तर शिरतच जावं. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे गोदाम, खिडकीचं नाव नाही. भर दुपारी ट्यूबलाइट जळत असते, आणि ट्यूबलाइटीखाली कुठला मोरपंखी रंग खरा दिसलाय? म्हणून इथे येणारी बाई साडी हातात घेतली की आधी एकच म्हणते, उजेडात दाखवा. या दोन शब्दांवर हिलालची तीस वर्षं निघाली.

हिलाल म्हणजे दुकानाचा जुना माणूस. वीस वर्षांचा असताना लागला आणि पहिल्याच दिवसापासून त्याच्याकडे हे काम आलं. आतून साडी उचलायची, बाहेर ओट्यावर यायचं, पदर उन्हात धरायचा आणि रंग सांगायचा. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? अहो, करून बघा. हिलाल रोज पांढराच शर्ट घाली, का तर रंगीत शर्टाची झाक कापडावर पडते. समोरच्या दुकानाची लाल ताडपत्री उघडली की तो दोन पावलं डावीकडे सरके. उन्हं कलली की सरळ सांगे, आता रंग खोटा दिसेल, उद्या या. शेठजी गादीवरून डोळे वटारीत, पण बाई दुसऱ्या दिवशी खरंच येई आणि शेजारणीलाही घेऊन येई. गावात त्याला उजेडवाला म्हणत. घरी कमलबाई, त्याची बायको, म्हणे की एवढा उजेड दाखवता तर माझ्या स्वयंपाकघरातला बल्ब तेवढा बदला. तो बल्ब बदलायला त्याला दोन महिने लागले.

सारंगखेड्याकडच्या धनुबाई तर हिलालशिवाय साडीला हात लावत नसत. मोठ्या शेतकरी घरातली बाई, तोंडाची फटकळ. स्वतः साडीकडे बघायच्याच नाहीत. बाकड्यावर बसून विचारायच्या, "हिलाल, काय रंग शे?" तो सांगेल तो रंग. लेकींच्या लग्नांचे बस्ते असे नुसत्या त्याच्या शब्दावर बांधले होते. त्या शब्दाचा हिलालला केवढा माज होता! चारचौघांत तो दाखवायचा नाही, पण होता.

मग शेठजींचा मुलगा, नाव तरुण, सुरतेला गेला. तिथे कुठल्याशा हॉटेलच्या तळघरात त्याने भिंतीवर खिडकी पाहिली. खरी नव्हे, डिजिटल. आणि त्याच्या डोक्यात ते भूत शिरलं. आठ दिवसांत दुकानाच्या मागच्या भिंतीवर भला मोठा पडदा आला. त्याला लाकडी चौकट आणि खाली कट्टा, कट्ट्यावर प्लास्टिकची तुळस, दोन्ही बाजूंना झालरीचे पडदे. बटण दाबलं की खिडकीत समुद्र. नारळ हलताहेत, लाटा येताहेत, उजेड सगळ्या दुकानात पसरलाय. देखावे पुष्कळ होते, पण तरुणला एकच आवडे, संध्याकाळचा. त्यामुळे दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत आत सूर्य बुडत असे. भिंतीवरचं घड्याळ अकरा दाखवी आणि सूर्य आपला पाण्याला टेकलेला. शेठजींच्या आई इचरजबाई एकदा दर्शनाला आल्या, त्यांनी हात जोडले आणि भिंतीमागचं गोदाम कुठे गेलं म्हणून चौकशी केली.

तरुणने हिलालला बाजूला घेऊन समजावलं. आता ओट्यावर जायचं नाही. बाहेर गेलेली बाई समोरच्या दुकानाच्या पाट्या वाचते आणि तिकडेच वळते. उजेड आत आला आहे, तर काकांनी आता आरामात आत बसावं, घड्या घालाव्यात. आरामात! माणसाचं काम काढून घ्यायचं आणि वर आराम म्हणायचं. हिलाल मान हलवून घड्या घालायला बसला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर दिवसभर तांबूस सूर्यास्त पडून राही.

फेब्रुवारीत धनुबाई नातवाच्या लग्नाच्या खरेदीला आल्या. हळदीला भावकीतल्या सगळ्या बायकांनी एका रंगाच्या साड्या नेसायच्या, अशी आता रीतच झाली आहे. चाळीस साड्या हव्या होत्या आणि रंग हळदीचाच हवा होता. तरुणने गठ्ठा फोडला. खिडकीच्या तांबूस उजेडात साडी उलगडली, तर पिवळीधमक, ओंजळभर हळद सांडावी तशी.

हिलालला माहीत होतं. तो गठ्ठा त्यानेच आदल्या दिवशी ओट्यावर उतरवून घेतला होता, टळटळीत उन्हात. ती साडी हळदी नव्हती. लिंबाच्या पुढची, पोपटीला चिकटलेली होती. तो सवयीने उठला आणि साडीला हात घालून म्हणाला की बाहेर दाखवतो. तरुणच्या कपाळावर आठी पडली, पण ती आठी हिलालला काही नवीन नव्हती. धनुबाई त्या समुद्राकडे बघत होत्या. बघता बघताच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, आते खिडकी शे ना."

बस. एवढंच. पण हिलालला ते असं लागलं की विचारू नका. तीस वर्षं माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि आज हिला खिडकी दिसली होय? घे मग खिडकीतून. तो खाली बसला आणि घडी घालू लागला. चाळीस साड्या बांधून झाल्या, फॉल-बिडिंगला गेल्या, तरी तो बोलला नाही. बोलला असता तर तरुण चिडला असता हे खरं. पण तो तरुणला भिऊन गप्प बसला नव्हता, हेही तितकंच खरं.

हळदीला हिलालला मानाचं बोलावणं होतं. न जाऊन सांगतो कोणाला? मांडवाबाहेरच्या अंगणात, दुपारच्या बाराच्या उन्हात, चाळीस बायका ओळीने उभ्या होत्या आणि अंगणात हरभऱ्याचं शेत उगवावं तशा दिसत होत्या. नवऱ्यामुलाला हळद लावली तेव्हा तो एकटाच पिवळा. फोटोवाला म्हणाला की छान वेगळं दिसतंय. पाहुणे तोंडावर पदर, रुमाल घेऊन हसत होते. धनुबाई सरळ हिलालपाशी आल्या. त्याने मनात सगळा दोष खिडकीवर ढकलून ठेवला होता, वाक्यंसुद्धा जुळवली होती.

"खिडकी तं काल वनी," त्या हळू म्हणाल्या. "तू तठेच उभा व्हता ना? का बरं नही बोलना?"

हिलाल न जेवता परतला आणि कमलबाईला म्हणाला की पोट बिघडलंय.

ओरड बाजारात पोचली तसं शेठजींनी तरुणला फैलावर घेतलं. खिडकी काढा म्हणाले. पण तरुण हार मानणारा नव्हे. त्याला समुद्र खोटा पडला एवढंच दिसलं, तेव्हा त्याने खिडकीत खरा देखावा आणला. ओट्यावर कॅमेरा बसवला आणि समोर हिलालला उभं केलं. आता आतल्या बायका गार हवेत बसून खिडकीत बघत आणि खिडकीत पांढऱ्या शर्टातला हिलाल उन्हात साडी धरून उभा असे. रंग पुन्हा पडद्याचेच, ते जसे यायचे तसेच येत. पण उजेडवाला पुन्हा ओट्यावर आला होता, आणि त्याला तेवढं पुरे होतं. धनुबाई कधीतरी येतील, विचारतील आणि आपण खरा रंग सांगू, मग झालं गेलं मिटेल, असं तो रोज घोकत असे.

दिवाळीनंतर त्या आल्या. नातसुनेच्या ओटभरणीला हिरवी साडी हवी होती. तरुणने साडी बाहेर धाडली. हिलालने जपून पदर उलगडला, ताडपत्री टाळून दोन पावलं डावीकडे सरकला. आत धनुबाईंनी खिडकीतल्या हिलालकडे क्षणभर पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दुकान ओलांडून ओट्यावर आल्या.

हिलालला वाटलं, आता विचारणार. विचारायच्या आतच तो म्हणाला, "हिरवा शे, धनुबाई. पक्का हिरवा."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मी दखी लिसू."

त्यांनी साडी त्याच्या हातातून काढून घेतली, तीन पायऱ्या उतरून रस्त्यावर गेल्या आणि डोळ्यांजवळ धरून स्वतः बघू लागल्या. आतून तरुणचा आवाज आला की काका, खिडकीत काही दिसत नाही, कापड जरा वर धरा. हिलालने सवयीने हात वर केले.