वरचा एक रुपया

आमच्या पेणमध्ये कुणी ‘कारखान्यात आहे’ म्हणाला, तर तो यंत्रावर काम करतो असं समजू नये. तो गणपतीच्या कारखान्यात असतो. मीही अठरा-एकोणीस वर्षं तसाच कारखान्यात होतो. मला मूर्ती घडवता येत नाही, रंगही नीट देता येत नाही. मी हिशेब ठेवायचो आणि गिऱ्हाईक आलं की किंमत सांगायचो.

आमच्या शेठचे त्याबद्दल दोन नियम होते. पहिला, देवाच्या किमतीत घासाघीस नाही. दुसरा, किंमत कधी शून्यावर संपवायची नाही, वर एक रुपया ठेवायचा. पंधराशे एक, अडीच हजार एक. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी मी आवाज न चढवता सांगायचो, ‘‘माती, रंग, आखणी सगळं धरून हीच किंमत होते. कमीत हवा असेल तर त्या फळीवर लहान मूर्ती आहेत.’’ आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळ्यांत महागडं काम तेच. बहुतेक जण लहान मूर्तीकडे एकदा बघायचे आणि पहिलीच मूर्ती न्यायचे.

या सवयीचा परिणाम असा झाला, की मला स्वतःला घासाघीस करता येईना. भाजीवाली सांगेल तो भाव मी द्यायचो. बायको त्याला ‘दान’ म्हणते.

शेठ सत्तरी ओलांडून गेले होते. मुलं बाहेर नोकरीला. ‘‘माझ्यानंतर या शेडमध्ये कुणी गाड्या लावील,’’ असं ते हसत म्हणायचे, पण मी सत्तेचाळिशीत पोचलेला माणूस, मला हसू येत नव्हतं. प्रॉव्हिडंट फंड नाही, म्हातारपणासाठी कारखान्याकडून काही नाही. म्हणून रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत स्टोअरचा हिशेब ठेवायला माणूस हवा आहे, अशी जाहिरात दिसली तेव्हा अर्ज केला. मुलाखत झाली. ‘तुम्ही आम्हाला पसंत आहात, पगाराचं बोलायला या, चोवीस हजारांचं डोक्यात आहे,’ असा फोन आला.

घरात आनंद झाला. बायकोने रव्याचा शिरा केला. मी शिरा खाता खाता हिशेब केला आणि माझा आनंद गेला.

कारखान्यात मला बावीस हजार मिळत. गणपती गेल्यावर शेठ एक पगार जास्तीचा देत. तो बारा महिन्यांत वाटला तर महिना तेवीस हजार आठशे तेहतीस पडत होते, तेही कसलीच कपात न होता. कंपनीच्या चोवीस हजारांतून फंडाचे अठराशे जाणार, व्यवसाय कराचे दोनशे जाणार, एस.टी.चा पास बाराशे आणि रोह्याच्या स्टँडपासून कंपनीपर्यंतची रिक्षा आणखी बाराशे. हातात राहणार एकोणीस हजार सहाशे. म्हणजे जास्त पगाराची नोकरी घेऊन मी चार हजारांनी खाली येणार होतो.

‘‘मग जास्त मागा,’’ बायको म्हणाली.

‘‘किती?’’

‘‘ते तुमी सांगा. हिशेबवाले तुमी हाय.’’

‘‘अठ्ठावीस तरी हवेत. नाही मिळाले तर या नोकरीचा नाद सोडावा लागेल. पण मला मागता येणार नाही गं.’’

माझी बायको खाडीकाठच्या गावची. तिचे वडील मिठागरावर होते, आणि तिच्या माहेरी मिठाच्या गोणीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कुठलीही गोष्ट पहिल्या भावाला घेणं म्हणजे अपमान समजतात. ती कोलंबी सोलत होती. ताट पुढे सरकवून म्हणाली, ‘‘धरा, मी कंपनी. बोला, किती पायजे?’’

‘‘आपण द्याल ते.’’

‘‘हे बघा. कंपनीनं आताच चार हजार वाचवले. परत बोला.’’

‘‘अठ्ठावीस मिळाले तर बरं होईल...’’

‘‘नाय जमत. चोवीस.’’

‘‘बरं.’’

तिने कोलंबीचं डोकं जरा जास्तच जोरात मोडलं. ‘‘अहो, ‘बरं’ काय? गिऱ्हाईक गणपतीला कमी मागतं तेव्हा ‘बरं’ म्हणता का?’’

‘‘तिथे मी घासाघीस करूच देत नाही.’’

‘‘मग हितं तरी का करू देता? मूर्तीवानी सांगा. ठेवा स्वतःला पाटावर.’’

मला हसू आलं. पण ते डोक्यात राहिलं.

ठरल्या दिवशी पेणच्या रामवाडी स्टँडवर एस.टी. धरली. नागोठण्यापर्यंत मी तोंडातल्या तोंडात अठ्ठावीस, अठ्ठावीस म्हणत होतो. शेजारच्या बाईंनी अखेर विचारलं, ‘‘काय, तिकिटाचा आकडा पाठ करताय?’’ रोह्याच्या तोंडाशी अष्टमीचा पूल आला तेव्हा खालच्या कुंडलिका नदीकडे बघायचंसुद्धा सुचलं नाही.

कंपनीत तिशीच्या एक मॅडम होत्या. बोलायला चांगल्या, सरळ. त्यांनी काम समजावलं. मालाची आवक-जावक, रोजचा शिल्लक हिशेब, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी येऊन सगळ्या मालाची मोजणी.

‘‘चोवीस ठरवून टाकू या?’’ त्यांनी विचारलं.

आठवून ठेवलेली वाक्यं गेली. मग काय झालं माहीत नाही, समोर गिऱ्हाईक बसलंय असं वाटलं आणि तोंडातून सवयीने निघालं, ‘‘अठ्ठावीस हजार एक.’’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘‘एक?’’

चूक माझ्या तेव्हाच लक्षात आली. पगाराला कुणी वर रुपया लावतं का? पण बोललेला भाव मागे घ्यायचा नाही हीसुद्धा सवयच.

‘‘आमच्याकडे आकडा शून्यावर संपवत नाहीत,’’ मी म्हणालो.

‘‘आमच्याकडे म्हणजे?’’

‘‘गणपतीच्या कारखान्यात.’’

त्या मोठ्याने हसल्या. मलाही हसावं लागलं. पण हसून झाल्यावर त्या पुन्हा आकड्यावर आल्या. ‘‘सव्वीसमध्ये नाही का बसणार, सर?’’

आता मला रस्ता दिसला होता. ‘‘सव्वीसमध्येही आहे, मॅडम. पण ती मूर्ती लहान होते.’’

‘‘म्हणजे काय?’’

‘‘आवक-जावक बघेन, शिल्लक हिशेब रोज देईन. रविवारच्या मोजणीला येणार नाही. आमच्यात सगळ्यांत महाग आखणी असते. तुमच्याकडे मोजणी म्हणजे आखणीच.’’

त्यांनी कागदावर दोन्ही आकडे लिहिले. ‘‘साहेबांना विचारावं लागेल. तुम्ही बाहेर बसा, चहा घ्या.’’

चहा आला, पण प्यायला होईना. बाहेरच्या बाकावर बसून मी स्वतःला शिव्या घातल्या. मूर्ती काय, आखणी काय! शहाण्यासारखं सव्वीस घेऊन काही तरी जमवता आलं असतं. मग पुन्हा हिशेब केला. सव्वीसमध्ये हातात एकवीस हजार सहाशे. नाही जमणार. परत जावं लागलं तर शेठकडे जायचं, अजून काही वर्षं काढायची आणि पुढचं पुढे. बायकोला काय सांगायचं, तेवढंच सुचत नव्हतं.

थोड्या वेळाने मोठे साहेब स्वतःच बाहेर आले. उंच गृहस्थ, हातात मॅडमचा कागद.

‘‘पेणचे ना तुम्ही? आमच्या घरचा गणपती पेणचाच. दर वर्षी भाव वाढवता हो तुम्ही लोक.’’

मी उभा राहिलो. ‘‘माती महागते, साहेब.’’

‘‘आणि आता स्टोअरकीपरही महागला?’’

‘‘त्याची माती पेणहून यायची आहे. भाडं पडतं.’’

साहेब हसले. ‘‘रोजचं येणं-जाणं म्हणताय? स्टँडवरून आमची बस येते की. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?’’

कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. ‘‘बस फुकट आहे का?’’

‘‘कामगारांकडून काय तिकीट काढणार?’’

रिक्षाचे बाराशे गेले. मी तिथेच उभ्या उभ्या आकडे हलवले. आता अठ्ठावीसला धरून बसणं खरं झालं नसतं. ज्या खर्चासाठी मागत होतो तो खर्चच नव्हता. देवाच्या किमतीत घासाघीस करत नाहीत, तशी खोटी किंमतही सांगत नाहीत.

‘‘मग सत्तावीस हजार चालतील,’’ मी म्हणालो. ‘‘मोजणीसकट.’’

‘‘आणि वरचा रुपया?’’

‘‘तो सोडवत नाही, साहेब.’’

साहेबांनी मॅडमना आत हाक मारून सांगितलं, ‘‘सत्तावीस हजार एक लिहा. आणि पुढच्या वर्षी आमच्या गणपतीचं यांनाच विचारा.’’

घरी बायकोने पहिला प्रश्न विचारला, ‘‘हातात किती?’’

‘‘तेवीस हजार आठशे एक. आत्तापेक्षा बत्तीस रुपये कमी.’’

‘‘कमी?’’

‘‘पण फंडात अठराशे माझे कापतात आणि कंपनी तिचेही घालते. सगळं माझ्या नावावर.’’

तिने बोटांवर मोजलं. ‘‘मग कापतात कशाला म्हणता? ठेवतात म्हणा. जाऊ दे, बत्तीस रुपये मी सोडले.’’ तिच्या तोंडून ‘सोडले’ हा शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

सगळ्यात अवघड होतं ते शेठना सांगणं. ते नुकत्याच रंगवलेल्या मूर्तींच्या रांगेत स्टुलावर बसले होते. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘‘एवढे पैसे तू माझ्याकडे का नाही मागितलेस?’’

‘‘तुम्ही कधी विचारलं नाहीत, शेठ.’’

‘‘किंमत गिऱ्हाईक विचारतं होय रे? ती आपण सांगायची असते. इतकी वर्षं काय शिकलास मग?’’

ते खरं होतं, आणि ते शिकायला मला रोह्याला जावं लागलं होतं. शेठनी पाठीवर हात ठेवला आणि फंडाचं नीट बघून घे, एवढंच म्हणाले.

गणपतीच्या आधी आम्ही दोघं मूर्ती ठरवायला कारखान्यात गेलो. इतकी वर्षं शेठ मला घरची मूर्ती तशीच द्यायचे. या वेळी मी खिशात पैसे घालूनच गेलो होतो. नेहमीची, मांडी घातलेली लहान मूर्ती समोर ठेवून शेठ माझ्याऐवजी बायकोकडे बघत म्हणाले, ‘‘आता हा गिऱ्हाईक झाला. दोन हजार एक.’’

मी घाबरून बायकोकडे पाहिलं. तिने मूर्तीच्या डोळ्यांकडे पाहिलं, सोंडेकडे पाहिलं, पाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. पदर सावरला. आता ही काहीतरी बोलणार, आणि एवढ्या वर्षांचा नियम मोडणार, असं मला वाटलं.

‘‘शेठ,’’ ती म्हणाली, ‘‘किंमत बरोबर हाय. पण गणपती न्यायच्या रविवारीच आमच्या ह्यांची मोजणी हाय. मूर्ती घरी पोचवून द्याल ना?’’

शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘कंपनीत हिला पाठवायला हवी होती.’’

मी दोन हजार मोजून दिले आणि वरचा एक रुपया शोधायला खिशात हात घातला. तो बायकोने आधीच मूर्तीपुढे ठेवला होता.