उगवतीकडे तोंड केलेला दगड

केरू चहासुद्धा आधी हुंगून प्यायचा. स्वभावच तसा. दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात एका खोलीत आठ जण राहायचे, सगळे आपापल्या मुलखातले, सगळे घामाचे धनी. पण पेटी कॉटच्या पायाला साखळीने बांधून ठेवणारा केरू एकटाच. कुणी हसून बोललं की तो मागे वळून बघायचा, हे हसू नेमकं कुणासाठी आहे ते.

पण परांची बांधावी तर केरूनेच. अकोले तालुक्याच्या डोंगरात, कड्याच्या काठावर शेळ्या वळत तो वाढला. उंचीची भीती त्याच्या पायांना कधी कुणी शिकवलीच नव्हती. दुबई मरीनातल्या टॉवरच्या चाळिसाव्या मजल्यावर, खाली समुद्र निळ्या लुगड्यासारखा पसरलेला असताना, तो पाइपला क्लॅम्प आवळायचा आणि वाऱ्याशी बोलायचा.

मग दोन हजार आठ सालच्या शेवटी मंदी आली आणि क्रेन एकेक करून थांबल्या. पहाटे कॅम्पातून सहा बसगाड्या सुटायच्या, त्या फेब्रुवारीत दोनवर आल्या. दर बुधवारी मेसच्या भिंतीवर यादी लागे. यादीत नाव आलं की शुक्रवारी विमान. माणसं भिंतीकडे न बघता जेवायला शिकली.

अशा दिवसांत सुरेश साहेब स्वतः कॅम्पात आले. प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचे, राहायला अल नहदात बायकोमुलांसह.

"केरू, तीन दिवस डोंगर चढायचाय. रास अल खैमाच्या वरती एक दगडी गाव आहे, फार जुनं, ओस पडलेलं. ऑफिसमधले पाच जण आहोत. पाणी वाहायला आणि वाटेवर नजर ठेवायला तू चल."

"मीच का, सायेब?"

"तू डोंगरातला. दुसरा कोण आहे?"

इतकं सरळ उत्तर ऐकून केरूचा संशय दुप्पट झाला. साइट बंद पडत असताना साहेबाला डोंगर सुचतो कसा?

उत्तर गाडीत मिळालं. शेजारी रफिक बसला होता, चिपळूणचा, सर्व्हेवाला. तो कानाशी लागला, "पिकनिक समजलास की काय? साहेबाच्या खिशात वही आहे बघ. कोण चालतो, कोण धापा टाकतो, सगळं लिहिणार. बुधवारी भिंतीवर. खलास."

केरूचा हात नकळत उजव्या गुडघ्यावर गेला.

मागच्या वर्षी पाइप निसटून त्या गुडघ्यावर बसला होता. त्याने कुणाला सांगितलं नाही. सकाळी पट्टी आवळायची आणि वर चढायचं. परांचीवाल्याचा गुडघा गेला हे साहेबाला कळलं की पुढचं सांगायला नको. म्हणून केरूने त्या गाडीतच ठरवलं, तीन दिवस लंगडायचं नाही.

डोंगर मात्र डोंगरच होता. झाड नाही, गवत नाही. उन्हाने भाजून उभे केलेले कडे, आणि दोन कड्यांमधून सुतासारखी बारीक वाट. पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन केरू सर्वांच्या मागे चालला. ममता मॅडम, डोंबिवलीच्या इंजिनिअर, नवे बूट कुरकुरवत म्हणाल्या, "दोनशे दिरहमचे आहेत, म्हणजे सव्वीसशे रुपये, आणि आतून बोट सोलतात!"

"मॅडम, चपला घालायच्या, फुकटात सोलतात," रफिक म्हणाला. सगळे हसले. केरू हसला नाही. साहेब वही काढून काहीतरी लिहीत होते.

दुपारपर्यंत गुडघ्यात निखारा पेटला. थांबावं कसं? तेव्हा त्याला वाडीची रीत आठवली. त्यांच्याकडे खिंड ओलांडताना देवाला दगड वाहतात. तीन आडवे, वर एक उभा, त्याचं तोंड उगवतीकडे. वाटसरूला तेवढाच विसावा, देवालाही आठवण. केरू खिंडीत बसला, सावकाश दगड रचले, हात जोडले. गुडघा निवला. मग पुढच्या वळणावर बसला. मग त्याच्या पुढच्या. इतक्या खिंडी त्या देवानेही कधी पाहिल्या नसतील.

एकदा तर पट्टी पार सुटली. वाट जिथे फुटते तिथे तो उजव्या अंगाला, शेळ्यांच्या पायवाटेने पन्नास-साठ पावलं आत गेला, आडोशाला पट्टी बांधली, आणि कुणी पाहिलंच तर निमित्त असावं म्हणून फाट्यावर एक आणि आत एक असे दगड रचले. वर आला तर साहेब त्याच्याकडेच बघत होते. वही उघडी.

दुसऱ्या दिवशी ते गाव दिसलं. घरं अर्धी जमिनीत पुरलेली, भिंती माणसाला उचलणार नाहीत अशा शिळांच्या, दार इतकं बुटकं की आत रांगत जावं. आत धान्याचा रांजण, दारापेक्षा मोठा.

"हा आत नेला कसा?" ममता मॅडमनी विचारलं.

"रांजण आधी ठेवला, घर नंतर बांधलं," साहेब म्हणाले. "उन्हाळ्यात माणसं खाली समुद्राकडे जायची. मागे कुणी चोरू नये म्हणून."

केरूने त्या रांजणाच्या थंड पोटावर हात फिरवला. परक्या देशात पहिल्यांदा त्याला कुणीतरी आपल्या जातकुळीचं भेटलं होतं. ही माणसंसुद्धा पेटी साखळीने बांधणारी.

तिसऱ्या सकाळी उतरायला लागले आणि डोंगराने ढग पांघरला. चार हात पुढचं दिसेना. पाणी थोडं उरलेलं. साहेब पुढे, केरू मागे. वाट फुटली तिथे साहेब वाकले, दगड चाचपले आणि म्हणाले, "ही बघा खूण. डावीकडे. यल्ला, चला."

केरूने दगड ओळखला. तो त्याचाच दगड होता. ती वाट शेळ्यांची, पुढे कडा.

बोलावं, तर साहेब विचारणार, तू तिकडे कशाला गेला होतास? आणि न बोलावं, तर? कदाचित साहेबाला आपोआप कळेल. कदाचित हा सापळाच असेल, माझ्याकडून वदवून घ्यायचा. दहा पावलं गेली. वीस. ढगात ममता मॅडमचे बूट कुरकुरत होते, आणि तो आवाज पुढे पुढे चालला होता. पन्नास. आत रचलेला दुसरा दगड पायाशी आला, उभा, उगवतीकडे तोंड करून, जणू केरूकडेच बघत.

"थांबा!" केरू ओरडला. "सायेब, पाय उचलू नका. पुढं कडा हाय."

सगळे जागच्या जागी थिजले. रफिकने एक खडा भिरकावला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

साहेब हळूहळू मागे वळले. चेहरा पांढरा. "केरू, या खुणा तूच ठेवल्यास. मी पहिल्या दिवसापासून पाहतोय. डोंगरातला माणूस खूण चुकीची ठेवणार नाही, म्हणून तुझ्या खुणांवर चाललो. कशासाठी ठेवल्यास? पलीकडे ओमान आहे. पळून जायचं होतं?"

म्हणजे साहेबही चहा हुंगूनच पितात.

"पळायचं असतं तर पळता आलं पायजे की, सायेब." त्याने पँट वर गुंडाळली. सुजलेला गुडघा वांग्यासारखा काळानिळा. "बसायला निमित्त पायजे व्हतं. देवाचं घेतलं."

रफिकने पुढे होऊन पाण्याचे कॅन आपल्या पाठीवर घेतले आणि केरूला पुढे धाडलं. "चल रे देवमाणसा, कुठला दगड तुझा आणि कुठली वाट अरबांची, तुलाच ठाऊक." लंगडत, आता न लपवता लंगडत, केरूने त्यांना दुपारपर्यंत खाली आणलं.

बुधवारी यादी लागली. केरूचं नाव तीत होतं. शेवटून दुसरं.

तो पेटीची साखळी सोडत होता तेव्हा साहेब दारात आले. "खोटं बोलून तुला पुन्हा चाळिसाव्या मजल्यावर चढवणं मला जमलं नसतं," एवढंच म्हणाले. मग खिशातली वही काढली. "तीन दिवस तुझी नजर हिच्यावर होती. यात काय लिहितो ते बघायचं होतं ना? घे."

केरूला इंग्रजी येत नव्हतं. रफिकने पानं उलटली. वेळा, चढ, उरलेलं पाणी. माणसांची नावं कुठेच नव्हती. एका पानावर मात्र पेन्सिलने चित्र काढलेलं: तीन आडवे दगड, एक उभा, आणि खाली दोनदा गिरवलेलं प्रश्नचिन्ह.

आज केरू वाडीत असतो. डोंगर चढत नाही, ओट्यावर बसून बांबूच्या टोपल्या विणतो. कुणी दुबईचं विचारलं की वही काढतो, ते पान दाखवतो आणि डोळे बारीक करून म्हणतो, "नावं लिहिलेली वही दुसरीच असणार. ही आपली दाखवायची."


तरी ती वही त्याने आजवर कुणाच्या हातात दिलेली नाही.