प्रार्थनाघराच्या पायरीवर

कुलूपवाल्याच्या प्रार्थनाघराचा एक नियम होता. मनात कुणाबद्दल अढी असेल त्यानं उंबरा ओलांडायचा नाही. अढी सुटेपर्यंत बाहेर पायरीवर बसायचं. शेजाऱ्यावर रुसलेले बसत, जावेशी भांडलेल्या बसत, आणि पुढच्या खेपेला मुकाट आत जात. कुलूपवाला मात्र जन्मात पायरीवर बसला नव्हता. राग यायचा त्यालाही. पण किल्लीचा दाता घासावा तसा तो राग घासून घासून गुळगुळीत करी.

अशा माणसाला लढाईवर नेलं. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला. दोघांनी सांगितलं, "जीव घेणार नाही. बाकी सांगाल ते काम करू." मग शिपायांनी थोरल्याचं नाव ठेवलं मुंगीमहाराज, आणि दोघांच्या वाट्याला आलं संडास धुणं.

"चला, घाण तरी कुणाला गोळी घालत नाही," थोरला म्हणायचा, आणि धाकटा पोट धरून हसायचा.

तुकडीच्या कप्तानाच्या डोळ्यांत ते हसू खुपलं. एका दुपारी भर उजेडात त्यानं धाकट्याच्या हातात बादली दिली. "विहिरीवरून पाणी आण. बघू, तुझा देव गोळी अडवतो का." विहीर शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात. धाकटा गेला, त्यानं पाणी शेंदलं, आणि परत येताना अर्ध्या वाटेत तो आडवा झाला. कप्तानानं घरी कळवलं : पळून जाताना मेला.

तेव्हापासून कुलूपवाल्याच्या पोटात निखारा पडला. प्रार्थनेला डोळे मिटले की देवाच्या आधी कप्तानाचं थोबाड पुढं येई. तिकडे गावात धाकट्याच्या बायकोला दुकानाच्या रांगेतून लोक मागे ढकलत. "थांब गं, पळपुट्याची बायको ना तू? तुला कसली घाई?" हे त्याच्या कानावर आलं आणि निखाऱ्याचा जाळ झाला.

मग एक दिवस तोफा सुरू झाल्या. सगळी तुकडी गिरणीच्या तळघरात शिरली, आणि हादऱ्यानं लोखंडी दार वाकून कुलूप अडकलं. आत धूर कोंडला. बाहेर एकटा कुलूपवाला, हातात संडासाचा झाडू. उघड्या अंगणात गोळ्या आपटत होत्या. त्यानं झाडू फेकला, खिशातला तारेचा आकडा काढला आणि दाराला कान लावून बसला. कुलपाशी घाई चालत नाही. एक गोळी खांद्याचं मांस घेऊन गेली, तरी त्याचं मनगट हललं नाही. शेवटचा खटका दबला, दार सुटलं, माणसं खोकत बाहेर पळाली.

आत राहिला कप्तान. पायावर तुळई पडलेली. धुरात त्यानं समोरचा माणूस ओळखला आणि मान टाकली.

"तू होय. मग जा. सोड मला इथंच."

"मेलास तर सुटशील," कुलूपवाला म्हणाला. "मग धाकट्याचं खरं कोण सांगणार? ऊठ, हरामखोरा."

दाराच्या अडसरानं त्यानं तुळई उचकटली आणि वैऱ्याला पाठीवर घालून गोळ्यांतून बाहेर आणलं. दात ओठ खात आणलं.

जग मात्र त्याच्यावर लट्टू झालं. छळणाऱ्याला वाचवणारा संत म्हणे! पदक जाहीर झालं. त्यानं आधी साफ नकार दिला. मग विचार करून म्हणाला, "घेईन. पण कप्तानाच्या हातून, आणि आमच्याच चौकात."

चौक माणसांनी भरला. धाकट्याची बायको, त्याची भावजय, पुढच्या बाकावर. पदक लावायला कप्तानाला दोन्ही हात लागणार, म्हणून त्यानं कुबडी सोडली आणि कुलूपवाल्याच्या खांद्यावर भार टाकला. नेमका दुखऱ्या खांद्यावर.

"पदक राहू दे. आधी बोल," कुलूपवाला पुटपुटला.

"इथं? अरे, माझी अब्रू..."

"तिची गेलीच ना? बोल. नाहीतर मी बाजूला होतो. सगळ्यांसमोर तोंडावर आपटशील."

कप्तान काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"तो पळत नव्हता," कप्तान ओरडला. "मी पाठवला त्याला. पाण्याला. गंमत म्हणून."

भावजय उठून उभी राहिली. "बादली भरली होती?"

"काय?"

"त्याची बादली."

"हो. भरली होती."

ती खाली बसली. तिच्या मागच्या बाकांवरच्या माना खाली गेल्या, त्या वर येईनात.

कप्तानाला घाम फुटला होता. पदक लावता लावता तो हळूच म्हणाला, "आता तरी माफ केलंस ना?"

"नाही. जिवंत ठेवलाय, तेवढं पुरे."

पुढच्या प्रार्थनेला प्रार्थनाघर चालवणारे म्हातारे बाबा दारातच हात पसरून उभे होते. "ये रे लेकरा! वैऱ्यावर प्रेम केलंस. आज पहिली जागा तुझी."

"प्रेम कसलं, बाबा? सुडानं वाचवला मी त्याला," कुलूपवाला म्हणाला आणि पायरीवर बसला. पाठ ताठ, मांडीवर हात, जणू हीच त्याची मानाची खुर्ची.

"किती दिवस बसणार असा?"

"बघू. दगड गार आहे, बरं वाटतं."

बाबा सुस्कारा टाकून आत गेले. आतून प्रार्थनेचे सूर येऊ लागले. तेवढ्यात भावजय आली. उंबऱ्याशी थबकली, आत डोकावली, आणि एक पाय उचललेला तिनं मागे घेतला.

"सरका जरा, दादा," ती म्हणाली.

त्यानं सरकून जागा दिली.