पल्याडची कबड्डी

उस्मानपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर बद्रीनाथराव राहतात आणि त्यांच्याकडे एक अख्खा देश आहे. देशाचं नाव पल्याड. लग्नानंतर पहिल्या वर्षी ते एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, घरात टीव्ही नव्हता, आणि सिल्लोडकडच्या खेड्यातून आलेल्या आशाबाईंना इथं करमत नव्हतं. मग हे संध्याकाळी गॅलरीत बसून मनानंच कबड्डीच्या मॅचचं वर्णन करायला लागले. "कुठं चालू हाय ही मॅच?" बाईंनी विचारलं. "पल्याड," हे म्हणाले. झालं, देशाचं बारसं उरकलं. त्याला आता एकतीस वर्षं होतील. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस कामातून गेला. अजूनही थोडं तसं वाटतं.

देशात आठ संघ. प्रत्येक खेळाडूचं नाव, वय, गुडघ्याचं दुखणं वहीत लिहिलेलं. गुण मात्र मनानं द्यायचे नाहीत. संध्याकाळी सहानंतर क्रांती चौकाकडून येणाऱ्या पहिल्या गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे म्हणजे पहिल्या संघाचे गुण, दुसऱ्या गाडीचे दुसऱ्याचे. साठाच्या वरचा आकडा आला तर तो बाद, पुढची गाडी बघायची. वहीत एकदा लिहिलं की खोडायचं नाही. आणि ज्याचा संघ खेळतोय त्यानं नंबर सांगायचा नाही. हा शेवटचा नियम एकट्या आशाबाईंसाठी होता, कारण स्वतःचा संघ असलेलं दुसरं कोणी नव्हतंच. त्यांना अक्षरओळख नाही, पण आकडे या खेळापायी पक्के झालेले.

त्यांचा संघ गव्हाळी. ते त्यांच्या माहेरच्या वाडीचं नाव, आणि खेळाडूही सगळे त्याच वाडीतले. कप्तान कारभारी, म्हणजे थोरला भाऊ. चढाईला अंगद, शेजारच्या धनगराचा पोरगा, लहानपणी झाडावर चढून बाईंना चिंचा पाडून द्यायचा. माहेरी आता कोणी उरलेलं नाही. कारभारी आणि अंगद तर कधीच वारले. बद्रीनाथरावांच्या वहीत तेवढे ते अजून पळत होते. गव्हाळीनं चषक एकदाही जिंकला नाही ही गोष्ट वेगळी. "माझी माणसं पयल्यापासून लई भिडस्त," असं बाई म्हणायच्या.

गेल्या वर्षी बद्रीनाथरावांच्या डोक्यात खूळ शिरलं, लीग व्यावसायिक करायची. व्यावसायिक म्हणजे काय, तर हंगामाच्या शेवटी तळातल्या दोन संघांची मॅच, आणि हरेल तो संघ कायमचा बरखास्त. त्या खेळाडूंची नावं पुन्हा कधी घ्यायची नाहीत. हा शहाणपणा कोणी मागितला होता? पण रिटायर माणसाला नियम करायला फार आवडतं. बाई दोन दिवस नको नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, "करा. तुमचाच देश हाय." तळाला कोण येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

नेमकं मॅचच्या आदल्या दिवशी बद्रीनाथरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एक डोळा पट्टीखाली, दुसरा आधीपासूनच धूसर. मॅच पुढे ढकलणं यांच्या तत्त्वात बसेना. तेव्हा सून तनुजा म्हणाली, "बाबा, मी सांगते नंबर."

घरात ही मोठी बातमी होती. त्यांच्या मुलाशी, इंद्रजीतशी, लग्न होऊन तिला आठ महिने झाले होते. नाशिकच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, दिवसभर खोलीत लॅपटॉपवर काम. पोरगी वाकडी नव्हे, पण सासू-सासऱ्यांशी बोलायचं काय हेच तिला सापडत नव्हतं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच गॅलरीत खुर्ची टाकून बसली, आणि आकडे मराठीतच सांगणार म्हणाली.

समोरच्या संघाचे बावन्न आले. मग एक पांढरी जीप आली. "एकोणपन्नास!" तनुजा ओरडली. बद्रीनाथरावांनी चाचपडत लिहिलं. गव्हाळी तीन गुणांनी हरली, बरखास्त झाली.

"आई, वाईट झालं का?" तनुजानं घाबरत विचारलं.

"नाय गं. खेळ हाय," म्हणत बाई भाकरी टाकायला आत गेल्या. भाकरी थापल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही, असं बद्रीनाथराव मला म्हणाले.

पाचव्या दिवशी डोळा दाखवायला तनुजा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. नंबराची चिठ्ठी बघून म्हणाली, "आपला एकोणपन्नास." थोड्या वेळानं आतून एकावन्नचा पुकारा झाला आणि बद्रीनाथराव खवळले. "आमचा नंबर गेलाच कसा? मी इथंच बसलोय की!" कंपाउंडरनं चिठ्ठी पाहिली. "काका, एकोणसाठ हाय हा. अजून सात जण हायेत तुमच्या आधी."

तनुजानं जीभ चावली. "सॉरी बाबा, ते एकोण माझं नेहमी चुकतं. पाच आणि नऊ, म्हणून मी एकोणपन्नास म्हणते."

आता यात त्या पोरीचं तरी काय चुकलं? पन्नाशीतला नऊ साठाच्या नावावर लावणारी भाषा आपलीच.

घरी आल्यावर तनुजा तिच्या खोलीत कामाला बसली, तेव्हा बद्रीनाथराव स्वयंपाकघरात गेले. "अगं, त्या दिवशी एकोणसाठ व्हते. गव्हाळी जिंकली व्हती."

"ठावं हाय," बाई म्हणाल्या. "पांढरी जीप. पाच, नऊ. माझे डोळे धड हायेत."

"मंग तवाच बोलली का नाय?"

"पोरगी पयल्यांदाच आपल्यात येऊन बसली व्हती. चार आकडे हौसेनं सांगत व्हती. तिला चुकली म्हणले असते, तर परत आली असती का?"

एकतीस वर्षांत जे कधी केलं नाही ते करायला बद्रीनाथराव तयार झाले. "वहीत खोडतो मी. कारभारी, अंगद, समदे परत घेतो."

"नगा खोडू," आशाबाई म्हणाल्या. "पोरगी वही बघती आता. अन् ते तर कवाच गेले वो. ही हाय."