जंतांसाठी अण्णांनी खाल्लेला मार

मंडळी, आज जीव भांड्यात पडला! आमच्या प्रयोगशाळेतल्या काही उंदरांत एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशीच नाहीत, त्यामुळं त्यांच्या आतड्यातले जंत हटत नव्हते. मागच्या आठवड्यात त्या पेशी टोचल्या. आज पाहिलं, तर आतडं साफ!

लगेच गावी, ईटला, वडिलांना फोन केला. "अण्णा, जंत गेले! उंदरांचं खाणं तेच, पिंजरा तोच. फरक फक्त पेशींचा."

अण्णा म्हणाले, "साठ सालाच्या सुमाराला आमी तिघं भाऊ एकाच ताटात जेवायचो. जंत मलाच व्हायचे. गूळ चोरून खातो म्हणूनच जंत होतात म्हणत मायनं लई बदडलं."

"खात नव्हता का?"

"खायचो की! तिघंबी खायचो. मार तेवढा मला एकट्याला."

आणि किती मोकळं हसले! तुमच्या घरी कुणावर असा जुना आळ आहे का? आजच फोन करा.