पडना तर?

चोपड्याच्या स्टँडसमोर गाड्यांवर रेडियमचे नंबर चिकटवणारा एक जण बसतो. नव्या गाडीचा पेढा तोंडात टाकता टाकता विचारतो, "पडना तर कोनले फोन करू?" एकदा नवरदेवालाच विचारलं, तर नवरीचा बाप चप्पल घेऊन धावला. तरी पडल्यावर लावायला घरचा फोन नंबर चिकटवल्याशिवाय हा गाडी सोडत नाही. अभद्र माणूस. मी तोंडावर सांगितलंय त्याला.

माझ्या मोपेडवर बायकोचा नंबर आहे. मला पाठ असलेला तो एकच. ती जाऊन आठ महिने झाले. परवा पुसट आकडे पाहून तो म्हणाला, "आबा, हाऊ नंबर आते कोन उचलस?"

"कोनीच नई. फोन कपाटमा शे. नंबर खरवडशी तर हात मोडसू."

त्याने ब्लेड ठेवून दिलं. तिचाच नंबर नव्या रेडियमने ठसठशीत केला आणि खाली स्वतःचा चिकटवला.

"पन आबा, दुपारले एक ते तीन पडू नका. मी झोपेल ऱ्हास."

तेव्हापासून त्या वेळात मी गाडी काढत नाही.