ओढ्यातली हजेरी

कोरेगावहून साताऱ्याकडे निघालं की थोड्या अंतरावर आमचं गाव लागतं. तिथे सिस्टरांची शाळा सुरू झाली ती गुळाच्या रिकाम्या वखारीत. पावसाळ्यात भिंती चिकट व्हायच्या आणि फळ्यावर मुंगळे फिरायचे. मंगळूरकडून आलेल्या तीन सिस्टर तिथे शिकवायच्या. गाव त्यांना मडम म्हणायचं. तिघींपैकी एकीनंही इंग्लंड पाहिलेलं नव्हतं, पण गावाला एकदा नाव ठेवायचं असलं की असल्या गोष्टींची अडचण होत नाही.

पहिल्या वर्षी पट दोन हातांच्या बोटांवर मावत होता. या बायका पोरं बाटवणार, अशी कुजबुज होती. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. वखारीच्या मागच्या अंगाला सुकडी शिजायला लागली आणि कुजबुज करणाऱ्यांचीच पोरं वाटी घेऊन रांगेत उभी राहिली. मळ्यातली आम्ही, बौद्ध वस्तीतली मुलं, स्टेशनमास्तरांची दोघं, सगळ्यांना पाणी एकाच माठातलं. ज्याला ते चालत नव्हतं त्याला मोठ्या सिस्टर हसून म्हणायच्या, "मग घरून तहान लागू न देता यायचं."

मोठ्या सिस्टर म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मूल दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी हजेरीचं पुस्तक काखेत मारून त्या दारात उभ्या. मी पुढे जन्मभर मास्तरकी केली, पण इतकं चालणारी शिक्षिका दुसरी पाहिली नाही.

शाळा तिसरीपर्यंत होती. मी तिसरी पास झाले त्या जूनमध्ये सिस्टरांनी चौथीचा वर्ग उघडला, पण खात्याची मंजुरी यायची होती. मंजुरी नाही मिळाली तर वर्ग बंद, आणि आम्ही बाजारापलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. माझ्यापुरता तो प्रश्नच नव्हता. आजोबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "हितं चौथी झाली तर शिक. बाजारातनं पोर धाडायची न्हाई. घरी कामं काय कमी हायीत?" आजोबा कधी शाळेत गेले नव्हते आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

तपासणीचे साहेब सोमवारी येणार असल्याचं सिस्टरांनी वर्गात सांगितलं. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. सोमवारी बेंदूर होता.

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. त्या दिवशी बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, पूजा करून त्यांना पुरणपोळीचा घास द्यायचा. पण ही गोष्ट सिस्टरांना ठाऊकच नव्हती, कारण आम्ही ती त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. बैलाची पूजा करतो म्हटल्यावर सिस्टरांना राग येईल, असं कुणीतरी पहिल्याच वर्षी ठरवलं, आणि तेव्हापासून बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सगळी शाळा एकच कारण सांगायची: पोटात दुखत होतं. दर आषाढात एकाच दिवशी सगळ्या गावाच्या पोटात का दुखतं, याचं सिस्टरांना कोडं पडलं होतं. शेवटी दोष माठातल्या पाण्याला गेला. तेव्हापासून पावसाळाभर त्या पहाटे उठून चुलीवर पाणी उकळत होत्या, आणि आम्ही ते मुकाट्यानं पीत होतो.

"सोमवारी सगळे येतील ना?" मोठ्या सिस्टरांनी मलाच विचारलं. मी वर्गाची मॉनिटर होते.

"व्हय," मी म्हणाले.

इतकं निर्लज्ज खोटं मी त्यानंतर कधी बोलले नाही.

सोमवारी सकाळी मी घरात पाट्यावर पुरण वाटत होते आणि मनातल्या मनात शाळा बंद पडत होती. तिकडे काय झालं ते नंतर मला चुलतभावानं सांगितलं. साहेब आले, वखार रिकामी. मोठ्या सिस्टर बाजारात जाऊन विचारून आल्या आणि साहेबांना घेऊन थेट ओढ्यावर गेल्या. ओढ्यात गावचे बैल आणि बैलांच्या आडोशाला सगळी चौथी. पोरी काठावर बसून बघत होत्या.

"म्हणजे ही तुमची पोटदुखी," सिस्टर म्हणाल्या आणि हजेरीचं पुस्तक उघडून नावं वाचायला लागल्या. एकेका बैलामागून "हजर" यायला लागलं.

माझं नाव आलं. सिस्टरांनी परत पुकारलं.

"हजर हाय," मांडीएवढ्या पाण्यात बैलाची मान चोळत आजोबा म्हणाले. "घरला पुरान वाटतीया. आनतो."

बैल सोडून यायची पंचाईत होती. काठावरच्या मोठ्या माणसांत रिकामे हात एकट्या साहेबांचे. "सायेब, जरा धरा," म्हणून आजोबांनी कासरा त्यांच्या हातात दिला आणि घराकडे निघाले. साहेब वऱ्हाडातले होते. "आमच्याकडं पोळा असतो, श्रावणात," एवढंच म्हणून त्यांनी कासरा मुकाट्यानं धरला.

आजोबा ओल्या धोतरानं दारात आले. "चल. हात धुवत बसू नगंस, सायेब बैल धरून उबा हाय."

मी तशीच धावले. साहेबांनी मला वाचायला सांगितलं, पण पुरणाच्या हातांनी पुस्तक धरायचं कसं? आजोबा पुढे झाले, हात सदऱ्याला पुसले आणि पुस्तक माझ्यासमोर धरलं. उलटं. मी घाबरून सिस्टरांकडे बघितलं. त्या जवळ आल्या, "ऊन येतंय डोळ्यावर," म्हणाल्या, आणि पुस्तक हलकेच फिरवून पुन्हा आजोबांच्याच हातात दिलं. मग मी वाचलं, पानभर, एका दमात. साहेबांनी तिथेच काठावर बसून शेरा लिहिला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी मला एकटीला थांबवलं. रागावतील म्हणून मी आधीच रडायला लागले.

"इतकी वर्षं मी पाणी उकळलं," त्या म्हणाल्या. "मला सांगायला भीती वाटावी, अशी मी वागले का गं?" त्यांचा आवाज दुखावलेला होता आणि मला त्याची शरम आजही वाटते. मग त्यांनी सुट्ट्यांच्या यादीत माझ्याच हातानं 'बेंदूर' लिहून घेतलं.

पावसाळा सरायच्या आत चौथीला मंजुरी आली आणि मी ती पास झाले. पुढे पाचवी म्हणजे बाजारापलीकडची शाळा. मी घरात विषयच काढला नाही. जूनमध्ये एका सकाळी आजोबांनी पटका बांधला आणि मला म्हणाले, "चल, नाव घालायचं हाय."

बाजारातून आम्ही दोघं चालत गेलो. कारकुनानं अर्ज पुढे सरकवला. आजोबांनी अंगठ्याला शाई लावली, कागद माझ्याकडे वळवला आणि हळूच विचारलं, "सुलटा हाय न्हवं?"